टोमॅटोची मर आणि बियाण्याच्या पाकिटावरचे आकडे

प्रश्न : नारायणगावजवळ आमचे टोमॅटोचे शेत आहे. ‘मर रोगास प्रतिकारक’ असे छापलेले बियाणे लावूनही यंदा बरीच झाडे वाळली. बियाणे खोटे समजावे काय?
— एक वाचक, जुन्नर तालुका, जि. पुणे

उत्तर : तसे लगेच समजू नये. आधी मर कोणती, ते पाहावे. झाड हिरवेच असताना एकाएकी माना टाकत असेल, आणि खोडाचा ताजा तुकडा काचेच्या पेल्यातील पाण्यात धरल्यावर दुधी धागे खाली उतरत असतील, तर तो जिवाणूंचा रोग आहे. पाकिटावरचे आश्वासन बहुधा फ्युजेरियम या बुरशीपुरते असते. या बुरशीत खालची पाने, पुष्कळदा झाडाच्या एकाच बाजूची, आधी पिवळी पडतात आणि खोड उभे चिरल्यास आत तपकिरी रेषा दिसतात.

बुरशी हीच असली तरी तिच्यात पोटप्रकार आहेत, आणि त्यांना शास्त्रज्ञ ‘रेस’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखेच दिसतात. म्हणून वेगवेगळी प्रतिकारक जनुके असलेल्या ठरावीक वाणांच्या रोपांची मुळे बुरशीच्या बीजाणूंच्या द्रावणात बुडवतात, आणि कोणते वाण तगले व कोणते मेले यावरून रेस ठरवतात. रानटी टोमॅटोतून आणलेले ‘आय’ जनुक पहिल्या रेसला अडवत असे. पण 1945 मध्ये अमेरिकेत त्याला न जुमानणारी दुसरी रेस नोंदली गेली. तिच्यासाठी ‘आय-2’ आले, तर 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातून तिसरीची नोंद झाली. कारण असे की झाड बुरशीच्या एका विशिष्ट प्रथिनाला ओळखूनच प्रतिकार सुरू करते. दुसऱ्या रेसमध्ये ‘आय’ने ओळखायचे प्रथिनच नसते, आणि तिसरीत ‘आय-2’ने ओळखायच्या प्रथिनात एखाद्याच घटकाचा बदल झालेला असतो, तेवढ्याने ओळख पुसली जाते. म्हणूनच रेस न तपासता केलेली पैदास मला अंधारातली पेरणी वाटते.

पाकिटावर छापलेल्या रेसच्या आकड्यांचा गोंधळही आहे, आणि तो शेतकऱ्याला महागात पडतो : अमेरिकी पद्धतीतली पहिली रेस युरोपीय पद्धतीत शून्य, दुसरी एक, तिसरी दोन गणली जाते. तेव्हा विक्रेत्याला आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, ते विचारा. मुळांवर गाठी आहेत का, हेही पाहा. सूत्रकृमींनी, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणाऱ्या सूक्ष्म जंतांनी, जखमी केलेल्या मुळांवर मर अधिक बळावते. नुकतेच कोमेजू लागलेले झाड मुळांसकट उपटून, कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पूर्ण वाळलेल्या झाडावर इतर बुरशी चढलेल्या असतात आणि मूळ रोगकारक वेगळा काढणे अवघड जाते.