विमान हवेत असताना रेडिओ संपर्क तुटला तर वैमानिक काय करतात?

ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा कोड टाकतात आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे उडत राहतात. रडारच्या पडद्यावर तो आकडा दिसला की जमिनीवरच्या कंट्रोलरला कळतं, याचा रेडिओ गेलाय, आणि तो बाकीच्या विमानांना बाजूला ठेवतो. अर्थात त्याआधी साध्या गोष्टी तपासतात, कारण बरेचदा रेडिओ ठणठणीत असतो: फ्रिक्वेन्सीचा एक आकडा चुकलेला, आवाज कमी केलेला, नाहीतर माइकचं बटण दाबलेलंच अडकलेलं. मग आधीची फ्रिक्वेन्सी, दुसरा सेट आणि १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी वापरून बघतात. तरीही शांतताच असेल तर आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट २ मधला नियम लागतो. बाहेर स्वच्छ दिसत असेल तर तसंच उडत जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. ढगांत असाल तर शेवटचा दिलेला वेग आणि उंची रडारच्या क्षेत्रात ७ मिनिटं, रडार नसेल तिथे २० मिनिटं धरायची. पुढे फ्लाइट प्लॅनप्रमाणे. टॉवर दिव्याने खुणावतो: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा. मात्र मिनिटांचा हा हिशेब सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेचे नियम वेगळे आहेत.