सीबीटी म्हणजे नुसते बोलणे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा, आहे. काही महिन्यांपूर्वी कामावर अचानक छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, आता आपण जातो असे वाटले. ईसीजी, इको सगळे नॉर्मल आले, तरी असे वारंवार होते. आता मी खिशात जिभेखालची गोळी ठेवतो आणि दाराजवळच्या मागावरच काम करतो. डॉक्टर म्हणतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊन सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणे तपासून बदलण्याचा मानसोपचार) घ्या. बोलण्याने धडधड कशी थांबेल?

उत्तर : हृदयाच्या तपासण्या आधी झाल्या हे योग्यच झाले. तुमचे वर्णन पॅनिक अटॅकशी, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी जुळते, मात्र निदान प्रत्यक्ष भेटीतच करता येईल. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या त्रासाची जी मांडणी केली, ती आजही उपचारांत वापरली जाते. उकाड्याने, जागरणाने किंवा जास्तीच्या चहाने धडधड थोडी वाढते. ‘हा हार्ट अटॅकच’ असा तिचा अर्थ मन लावते. त्या भीतीने श्वास जलद होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि या नव्या खुणांमुळे पहिला अर्थ अधिकच खरा वाटू लागतो. धडधड खरीच असते. चुकतो तो तिचा लावलेला अर्थ.

हा अर्थ वाद घालून बदलत नाही, म्हणून तो सत्रात करून पाहावा लागतो. तुमच्या डॉक्टरांची हरकत नाही याची खात्री करून सायकॉलॉजिस्ट तुम्हाला मिनिटभर जोरजोराने श्वास घ्यायला किंवा भराभर जिना चढायला सांगतील. त्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहायच्या असतात : काय होईल असे वाटते, आणि त्याची खात्री किती टक्के. समजा तुम्ही लिहिले, ‘बेशुद्ध पडेन, ८० टक्के.’ मग प्रयोग होतो, मुंग्या येतात, गरगरते, आणि काही मिनिटांत सारे ओसरते. त्याच कागदावर ही नोंद होते आणि आकडा पुन्हा विचारला जातो. स्वतःच्या अंगावर अनुभवल्यावर तो जितका खाली येतो, तितका आमच्या आश्वासनांनी कधीच येत नाही.

त्यानंतरचे काम कारखान्यात करायचे आहे. दाराजवळचा माग आणि खिशातली गोळी यांच्यामुळे ‘म्हणून आज वाचलो’ हा समज टिकून राहतो, त्यामुळे आतल्या मागांवर टप्प्याटप्प्याने जाणे हा उपचाराचाच भाग आहे. गोळीबाबतचा निर्णय मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.ला आहे. कातडी सोलवटेपर्यंत हात धुते. ‘आई, मला काही लागले नाही ना?’ असे दिवसभर विचारते. आम्ही प्रत्येक वेळी प्रेमाने समजावतो, पण उलट वाढतच चालले आहे.

उत्तर : हे ओसीडीसारखे वाटते, म्हणजे नको असलेली शंका पुन्हा पुन्हा येणे आणि ती शमवायला तीच कृती करत राहण्याचा आजार. ओसीडीमध्ये असे समजावणे हात धुण्याचेच काम करते : घटकाभर बरे वाटते आणि शंका पुन्हा उभी राहते. यावरील उपचाराचा पाया व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये घातला. ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे आणि नंतरची धुण्याची कृती करायची नाही, हे त्याचे सूत्र. त्यासाठी मुलगी स्वतःच सोप्याकडून अवघडाकडे जाणारी यादी करते. तीत आधी दाराची कडी, मग स्वतःची चप्पल, शेवटी एसटी स्टँडवरचे बाकडे असू शकते. स्पर्श केल्यावर अस्वस्थता चढते, आणि हात न धुताही ती सोसता येते, हे तिला कळू लागते. कोणतीही पायरी जबरदस्तीने चढवू नये.

घरच्यांनी उत्तरे एकदम बंद करू नयेत. सायकॉलॉजिस्टसमोर तिच्या संमतीने एक वाक्य ठरवावे, उदाहरणार्थ ‘हे ओसीडी विचारते आहे, मी उत्तर देणार नाही’, आणि सर्वांनी न चिडता तेच म्हणावे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात अशा घरांतले पहिले भांडण बहुधा पाण्याच्या पिंपावरून होते, आणि त्या रागाने मुलीचे हात धुणे कमी न होता वाढते.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत दोनदा पूर्वपरीक्षेतच अडलो. दिवसभर पडून असतो. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ ऐकून कंटाळलो. सीबीटीत तेच सांगतात ना?

उत्तर : तसे सांगितले जात असेल, तर ती सीबीटी नव्हे. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांना १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांत असे विचार आढळले, जे क्षणात येतात आणि तपासल्याविना खरे मानले जातात. मित्राने निकालाचे पेढे आणले. मनात आले, ‘मी कशाच्याच लायकीचा नाही.’ सीबीटीत भरायच्या तक्त्यात प्रसंग, हा विचार, भावना, विचाराच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे अशा रकान्यांत हे लिहिले जाते. शेवटी येणारे वाक्य ‘मी पास होणारच’ असे नसते. ते ‘दोनदा कटऑफ हुकला, गणितात कमी पडलो, बाकी विषय बरे आहेत’ इतके साधे असू शकते. आणि तपासाअंती ही परीक्षा खरोखरच आवाक्याबाहेरची ठरली, तर पुढच्या भेटी दुसरी वाट शोधण्यात जातात.

तोवर अंथरुणातून उठण्यासाठी उत्साहाची वाट पाहू नका. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सिद्धेश्वर तलावाकडे फेरी मारा आणि आधी-नंतर मनःस्थितीला दहापैकी गुण द्या. जगणे नकोसे वाटत असेल, तर आजच घरच्यांना सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : किती भेटी लागतात? गोळ्या बंद करता येतात का? योग्य व्यक्ती कशी ओळखावी?

उत्तर : साधारण १२ ते २० भेटी, बहुधा आठवड्याला एक, प्रत्येकी पाऊण ते एक तास. गोळ्या मनोविकारतज्ज्ञच लिहितात आणि त्यांच्याच सल्ल्याने कमी होतात. तीव्र नैराश्य, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियात औषधांना पर्याय म्हणून सीबीटी दिली जात नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर तक्ता त्याच भाषेत भरू द्याल का, हेही विचारा, कारण घाबरल्या क्षणी मनात येणारे वाक्य घरच्याच भाषेतले असते. आणि दोन-तीन भेटी होऊनही घरी करायचे काहीच दिले गेले नसेल, तर त्याचे कारण विचारायलाच हवे.