गुरगुरणं बंद झालं तेव्हा

"घरातला भरवशाचा कुत्रा एकाएकी गुरगुरायला लागला, आता काय करायचं?" हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारी माणसं बोलता बोलता मला विचारतात. खरं तर माझं काम दृष्टी गमावलेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं. पण एका घरात हे दोन्ही प्रश्न एकत्र आले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

बेळगावच्या टिळकवाडीतले हे गृहस्थ बरीच वर्षं अमेरिकेत नोकरीला होते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे नजर हळूहळू गेली. तिथल्या एका संस्थेने त्यांना गाइड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवायला शिकवलेला कुत्रा दिला, काळी लॅब्रेडॉर, हेझल. आईची तब्येत ढासळली म्हणून ते बायकोसह बेळगावला परतले, हेझलही आली. सात वर्षांची होती.

पहिल्या भेटीत त्यांच्या पत्नीच बोलल्या. "मॅडम, गेटजवळच्या कुत्र्यांनी घेरलं होतं तिला. तेव्हापासनं गुरगुरायला लागली. मग दूधवाल्या पोरावर. आणि परवा भाच्यानं गळ्यात हात टाकला, तर काही न बोलता एकदम दात लावले."

"भाच्याला लस दिली का?" मी आधी तेच विचारलं. मनगटावर ओरखडा होता, रक्त आलं नव्हतं. आजीने हळद लावली होती. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्र्याचं लसीकरण झालंय, घरचीच आहे, या भरवशावर थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय उरत नाही. ते लगेच गेले, बाकीचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं.

मी कुत्र्यांची प्रशिक्षक नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. पण दोन गोष्टी मी ठामपणे सांगू शकत होते. हेझलला त्या दिवसापासून हार्नेस, म्हणजे वाट दाखवताना मालक धरतो तो दांड्याचा पट्टा, घालायचा नाही, आणि सगळ्यात आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं. स्वभाव बदलला की आधी दुखणं शोधावं.

ते गृहस्थ चिडले. "म्हणजे मी घरात बसू?"

त्या एका वाक्यात सगळं होतं. चार महिने त्यांनी हे लपवलं होतं, संस्थेलासुद्धा कळवलं नव्हतं. कळवलं तर हेझल जाईल आणि तिच्यासोबत आपलं एकट्याने बाहेर पडणं जाईल, अशी भीती. आणि भ्यालेल्या माणसाचा हात हार्नेसवर घट्ट होतो, तो ताण कुत्र्याला कळतो. पुढे कुत्री दिसली की तिला समजायचं, मालकही घाबरलाय.

डॉक्टरांना दोन्ही कानांत जंतुसंसर्ग सापडला. लॅब्रेडॉरचे कान लोंबते, त्यात आपल्याकडचा पावसाळा. वास येत होता, पण घरच्यांना वाटलं भिजल्याचा असेल. भाच्याने मिठी मारली तेव्हा नेमका दुखरा कान दाबला गेला होता.

पण मग ती गुरगुरली का नाही? मी खोदून विचारलं तेव्हा आई हळूच म्हणाल्या, "दात दाखवालीय म्हणून जावईबापूंनी सांगितलं, पेपराची गुंडाळी करून मार. मारलं की मी दोन-तीनदा. मग गप झाली बघ."

तिथेच घोटाळा होता. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं "पुरे, लांब हो" असं सांगणं. ते मारून बंद केलं तर भीती आणि दुखणं आत तसंच राहतं, फक्त इशारा जातो. पुढची पायरी दातांची. आईंना मी दोष दिला नाही. आपल्याकडे घरोघरी हाच सल्ला मिळतो. पण गुंडाळी त्या दिवशी थांबली.

गुरगुरण्याआधीही कुत्रा बरंच सांगतो. ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, अंग ताठ करतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. यातलं बहुतेक डोळ्यांनी वाचायचं. मग ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं? आम्ही व्हरांड्यात रोज दहा मिनिटं बसू लागलो. त्यांचा हात हेझलच्या खांद्यावर, पत्नी दिसेल ते सांगायच्या: "तोंड फिरवलं. जीभ बाहेर काढली." चौथ्या दिवशी गल्लीत कुत्रं भुंकलं आणि पत्नीच्या आधी तेच म्हणाले, "हिची धाप थांबली." तोंड मिटलं होतं. तो क्षण त्यांच्या बोटांना सापडला.

कान तीन आठवड्यांत बरे झाले. घरात कुणावर धावून जाणं थांबलं. भाच्यालाही शिकवलं की तिला मिठी मारायची नाही, ती झोपलेली असताना हात लावायचा नाही. संस्थेला अखेर कळवलं, तिथल्या प्रशिक्षकांनी व्हिडिओवर मार्गदर्शन केलं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात, साध्या पट्ट्यावर, भटकी कुत्री लांब असतानाच उकडलेल्या चिकनचे तुकडे द्यायचे. ती शांत असेल तर थोडं जवळ, ताठली तर ओरडा न करता मागे. जाळीचं मुसकं घालायची सवयही लावली, धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल असं. मुसकं ही शिक्षा नाही, हे शेजाऱ्यांना समजवायला जास्त वेळ लागला.

हार्नेस पुन्हा घातला, तेव्हा मात्र टिळकवाडीतल्या 'दुसरं रेल्वे गेट' म्हणतात त्या फाटकापाशी ती थिजली. गाइड डॉगच्या पहिल्या शाळेने १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबर्गमध्ये, युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी काम सुरू केलं. गाइड डॉगचं हे शिक्षण मोकळे फुटपाथ आणि त्यांना ठळक कडा असलेल्या शहरांत घडलं. रस्ता ओलांडायचा कधी हे माणूस कानांनी ठरवतो. समोर धोका असेल तर कुत्रा आज्ञा मोडून थांबतो. जिथे फुटपाथवर स्कूटर आणि वळणावर पाच कुत्र्यांची टोळी, तिथे तिला पावलोपावली थांबावंसं वाटत होतं. प्रशिक्षकांनी हेझलला निवृत्त करायला सुचवलं. माझंही मत तेच होतं. ती वाईट नव्हती, हे काम या रस्त्यावर तिला झेपत नव्हतं.

ते दोन भेटी काही बोललेच नाहीत. रडले. मी रडू दिलं. साथीदार गेल्याचं दुःख होतं ते, घाईने समजूत घालण्यासारखं नव्हतं. मग आम्ही पांढऱ्या काठीकडे वळलो. गाइड डॉग मिळण्याआधी ते काठी वापरायला शिकलेलेच होते. आधी घर ते कोपऱ्यावरचं दुकान, मग गेट, मग बसस्टॉप.

दिवाळीनंतर ते माझ्याकडे एकटे आले. पँटवर काळे केस चिकटलेले. म्हणाले, "निघताना ती उठली. दारापर्यंत आली, काठीचा वास घेतला, आणि परत आईच्या पायाशी जाऊन पडली."