प्रवाळातल्या माशांमध्ये नर मेला की मादी नर होते, हे खरं आहे का?

हो, काही जातींमध्ये मादी खरोखर नर होते, आणि तेही दोन-तीन आठवड्यांत. क्लीनर रास हा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा बोटभर मासा. त्याचा एक नर काही माद्यांवर जरब ठेवून असतो. सागरी जीवशास्त्रज्ञ डी. आर. रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभिंतीवर अभ्यास करून १९७२ साली दाखवलं, की नर नाहीसा झाल्यावर काही तासांतच सर्वांत मोठी मादी नराच्या थाटात इतर माद्यांना दरडावू लागते. शुक्राणू तयार व्हायला १४ ते १८ दिवस पुरतात. म्हणजे नराचा धाकच तिला मादी ठेवत होता, हे मला फार विलक्षण वाटतं. मात्र हा सरसकट नियम नाही: क्लाउनफिशमध्ये मादी गेली की तिचा जोडीदार नर मादी होतो.