चर्चच्या युथ ग्रुपबरोबर आठ-दहा दिवस नेपाळला मिशन ट्रिपला जायचंय, वय 19, आई नको म्हणतेय. जावं का? आणि तिथे नक्की करतात काय?

वय 19 लिहिलंयस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. मी आमच्या नाशिककडच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाबरोबर नेपाळला जाऊन आलेय, आधी मेंबर म्हणून आणि नंतर लीडर म्हणून, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

जा, पण आधी तुमच्या लीडरला गाठ आणि एवढंच विचार की आपल्याला तिथून बोलावलंय कोणी आणि कशासाठी. "तिथल्या पाळकांनी (पास्टरनी) त्यांच्या तरुणांच्या शिबिरात गाणी आणि गिटार शिकवायला बोलावलंय" असं काही उत्तर आलं तर बिनधास्त जा. "जाऊन तर बघू, देव मार्ग दाखवेल" असं आलं तर आईचं ऐक. देव मार्ग दाखवतोच गं, पण पंधरा पोरांची जेवायची-झोपायची सोय शेवटी कुठल्यातरी पाळकांच्या बायकोच्याच अंगावर पडते.

उगाच नाही म्हणत. पोखराच्या वरच्या अंगाच्या एका गावात आम्ही चर्चच्याच हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपायचो. पहाटे अंधारात पाणी प्यायला उठले तर त्या बाई चुलीपुढे बसून मोहरीच्या पाल्याचा हा एवढा ढीग निवडत होत्या, शेजारी तांदळाचं पातेलं, आणि त्यांची शाळेत जाणारी पोरगी गणवेशातच नळावर बादल्या भरत होती. तिथे सकाळी नऊ-दहाला पोटभर दालभात आणि परत संध्याकाळी दालभात, मधे चहा नाहीतर चिवडा-नूडल्स, त्यामुळे त्यांचा दिवस असा चारलाच सुरू होतो. आणि आम्ही मारे "सेवा करायला" आलेलो! त्या दिवसापासून भांडी आणि पाणी आमच्या मुलांकडे, मुलगे आणि मुली दोघांकडे. राशनचे पैसेही पोचल्या पोचल्या पाळकांच्या हातात द्यायचे, निघताना पाकिटात घालून नाही, कारण तोवर त्यांनी दुकानात उधारी करून ठेवलेली असते आणि ते तोंडाने कधीच सांगणार नाहीत.

आता कायद्याचं, हे नीट वाच आणि आईलाही वाचून दाखव. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेतच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे (कलम 26), आणि 2018 पासून जी फौजदारी संहिता लागू झालीय तिच्या कलम 158 मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आणि हो, आपण तिथे परदेशीच, व्हिसा लागत नाही म्हणून काही घरचे होत नाही. त्यामुळे पत्रकं वाटणं नाही, चौकात उभं राहून गाणी-नाटक नाही, शेजारच्या घरात जाऊन "तुमच्यासाठी प्रार्थना करू का" हे तर अजिबातच नाही. आणि फोटो! कुणाचा बाप्तिस्मा झाला, कोण साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभं राहिलं, हे इन्स्टावर टाकायचं नाही म्हणजे नाही. तू घरी येऊन झोपशील, पोलीस जातील ते तिथल्या पाळकांकडे.

मग करायचं काय, तर जे बोलावलंय ते. बहुतेक वेळा शिबिर, संडे स्कूलच्या शिक्षकांना मदत, गाणी, आणि खूप सारं बसून ऐकणं. मला विचारशील तर ऐकणं हेच खरं काम. तिथे अशी म्हातारी माणसं आहेत जी 1990 च्या आधी धर्म बदलला म्हणून तुरुंगात जाऊन आलीत. आपण मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्यांची नातवंडं, आपण त्यांना विश्वास काय शिकवणार डोंबल!

उपासना शनिवारी असते, कारण सुट्टीचा वार शनिवार. चपला बाहेर काढायच्या, खाली बसायचं, बऱ्याच ठिकाणी बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, तुमच्या ग्रुपने एकत्र घोळका करून बसू नका. कुणी भेटलं की हात जोडून "जयमसीह" म्हणायचं. बायबल आणि भजनाचं पुस्तक देवनागरीतच, वाचता येतं, पहिल्याच दिवशी तू मादलच्या (तिथल्या ढोलकीच्या) ठेक्यावर गायला लागशील. साक्षीत 2015 च्या भूकंपाचं नक्की निघेल. तो 25 एप्रिलला शनिवारीच झाला, दुपारी बाराच्या जरा आधी, म्हणजे ऐन उपासनेत, कित्येक लोक चर्चमध्येच दगावले. त्यावर लगेच बायबलमधलं वचन काढून वाचून दाखवायची गरज नसते, आमच्यातल्या एकाला फार हौस होती, त्याला मी कोपराने ढोसलं.

अजून एक, प्रोग्रॅममध्ये "अनाथाश्रमाला भेट" असेल तर ते काढायला सांग. तिथल्या अशा घरांमधल्या पुष्कळ मुलांचे आई नाहीतर वडील हयात असतात, शिकवतो म्हणून गावातून आणलेली पोरं, आणि पाहुणे-देणग्या येत राहिल्या की अजून पोरं आणली जातात. युनिसेफनेही यावर सावध केलंय. तासाभरात चॉकलेटं वाटून, कडेवर घेऊन सेल्फी काढून निघून यायचं हे मला तरी पटत नाही.

कागदपत्रं: पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, ओरिजिनल. तुझ्या वयाला आधार कार्ड चालत नाही, लायसन्सही नाही. रोडने जाताना सोनौलीला, सीमेवरच्या नाक्यावर, कुणी बघतही नाही कधीकधी, पण काठमांडूहून विमानाने परत यायचं असेल तर तिथे अडवतात. ग्रुपमध्ये कुणी 15 ते 18 मधलं असेल तर शाळेच्या प्रिन्सिपॉलकडून ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं, ते आधीच करून ठेवा.

पैसे म्हणशील तर आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा दर वर्षानुवर्षं तोच आहे. आपल्या शंभराच्या नोटा ने, मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात तेव्हा निघायच्या आठवड्यात चेक कर. शहरात काही दुकानांत यूपीआय चालतं, गावात कॅशच.

आईसाठी: सोबत बाई लीडर कोण आहे, मुली कुठे झोपणार, आणि तिथल्या पाळकांचा फोन नंबर, ही तीन उत्तरं लीडरलाच आईसमोर बसून द्यायला लाव. माझ्या आईला पण हेच हवं होतं, बाकीचा विरोध मग आपोआप गळाला. आणि तारीख पावसाळ्यातली असेल तर बदलून घ्या, दरडी कोसळून रस्ते दोन-दोन दिवस बंद पडतात. गोरखपूरपर्यंत ट्रेन, तिथून सोनौली, मग बुटवलवरून पाल्पामार्गे पोखरा, आणि तो घाट असा आहे की निम्मी बस पिशव्या तोंडाला लावून बसते, तर उलटी होऊ नये म्हणून अव्होमीनची गोळी घे आणि खिडकीची सीट आधीच पकड.