रॅम वाढवू, कार्ड बदलू की अख्खं मशीनच नवं घेऊ?

प्रश्न : सर, नमस्कार. आमचा डेस्कटॉप २०१८ साली जुळवून घेतलेला आहे. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. विंडोज २४० जीबीच्या एसएसडीवर आहे, बाकी सगळं १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. मी माझ्या गाण्याच्या वर्गाचे व्हिडिओ एडिट करते. मोबाइलवर ४के, ६० फ्रेम्सवर शूट करते आणि फुल एचडीमध्ये टाकते. दोन क्लिप एकावर एक आल्या की टाइमलाइन अडखळते, कधी सगळंच गोठतं. रात्री मुलगा गेम खेळतो. त्याच्या मते ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय. ओळखीचे एक जण म्हणतात, सगळंच मोडीत काढा. काय करू?

उत्तर : ताई, मोडीत मुळीच काढू नका. आणि कार्डाच्या आधी रॅमकडे बघा.

हे मी ठासून सांगतो, कारण हीच चूक मी केली आहे. माझी टाइमलाइन अडखळायची म्हणून मी आधी कार्ड बदललं. गेम सुधारले, एडिटिंग होतं तिथेच राहिलं. पुढे कळलं की रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवतं, आणि माझी डिस्क आधीच फुटेज वाचण्यात दमलेली होती. तुमची लक्षणं हुबेहूब तशी आहेत.

खात्री करायला एक पैसा लागत नाही. नेहमीचा प्रोजेक्ट उघडा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि क्लिप चालवा. गोठण्याच्या क्षणी मेमरी काठोकाठ आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसली, तर कार्ड निर्दोष आहे. तिथेच जीपीयूखाली ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख असतो, तोही बघा. तुमचं १०६० कार्ड मोबाइलवर शूट केलेलं एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) फुटेज हार्डवेअरमध्ये उलगडू शकतं. आलेख हललाच नाही, तर एडिटिंग सॉफ्टवेअर कार्डाचा उपयोग करत नाहीये. त्याची सेटिंग तपासा.

आता थोडं शूटिंगबद्दल. ४केची एक फ्रेम फुल एचडीच्या चौपट असते. ३०च्या जागी ६० फ्रेम्स घेतल्या की काम पुन्हा दुप्पट. एका जागी बसून गाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, तेही शेवटी फुल एचडीत टाकायचं असताना, मशीनवर आठपट ओझं कशाला? फुल एचडी, ३० फ्रेम्सवर शूट करा. जुनं ४के फुटेज वापरायचं असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपची हलकी नक्कल, करून एडिट करा. आणि मोबाइलचा फ्रेम रेट बऱ्याचदा स्थिर नसतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि सूर वेगळे पडू शकतात. गाण्यात ते फार खुपतं. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून क्लिप स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या.

खरेदीला निघालात तर पहिली गोष्ट १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या. दोन यासाठी, की एकाच पट्टीवर मेमरीची निम्मी वाट बंद असते, आणि रायझनला ते जास्त जाणवतं. मुलाच्या गेममधले झटकेही यानेच बरेच कमी होतील. जुनी पट्टी काढून ठेवा, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या वेगाची सेटिंग, सुरू करायला विसरू नका, नाहीतर पट्ट्या आपल्या पूर्ण वेगाने चालत नाहीत. सोबत १ टीबीची एनव्हीएमई (जास्त वेगाची) एसएसडी घ्या. चालू प्रोजेक्ट त्यावर, हार्ड डिस्कवर फक्त जुनं साठवण.

इथे थांबा. महिनाभर वापरा.

मग मुलाला एक प्रयोग करू द्या. गेमचं रेझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणायचं. फ्रेम्स भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जेमतेम वाढल्या तर प्रोसेसर. त्याचं म्हणणं चुकीचं नाही : १०६०मध्ये हार्डवेअर रे ट्रेसिंग (गेममधला प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं तंत्र) नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. पण १७० वॉटचं आरटीएक्स ३०६० घ्यायचं म्हटलं तरी एनव्हिडिया ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. म्हणजे कार्डाच्या खर्चात तो धरूनच चला. इतक्या वर्षांच्या सप्लायवर नवं कार्ड मी तरी लावणार नाही.

प्रोसेसर कमी पडला तरी मदरबोर्ड बदलायची गरज नाही. त्यावरच्या एएम४ सॉकेटची (प्रोसेसर बसतो ती जागा) हीच खुबी आहे. बायोस अपडेट केलं की बी४५०वर ८ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसतो. त्याच्या खोक्यात कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) येत नाही, तो वेगळा घ्यावा लागेल. मोडीत काढून एएम५, म्हणजे त्यापुढचं सॉकेट, घेतलंत तर मदरबोर्ड नवा, आणि रॅमही डीडीआर५च लागते, म्हणजे आज घेतलेल्या पट्ट्या वाया.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. नंतर कूलर काढण्याआधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा. स्क्रू सोडवल्यावर कूलर सरळ वर ओढू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. मधल्या उष्णतावाहक पेस्ट वाळल्यामुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. जुना २६०० जपून ठेवा, नवा चालला नाही तर पडताळायला तोच लागेल.