डेटा सेंटर हवं, पण इलेक्ट्रिकल नको?

प्रश्न : मी एका वीज उपकेंद्रात यंत्रचालक आहे. मुलीला एमएचटी-सीईटीला ८९ पर्सेंटाइल आहेत. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग म्हणते. माझ्या मते तिने कॉम्प्युटर किंवा एआय घ्यावं. नवी मुंबईत एवढी डेटा सेंटर उभी राहत आहेत, तिथे एसीत बसून नोकरी मिळेल. आमचं आयुष्य लाइनीत गेलं, तिने त्यात पडू नये. मॅनेजमेंट कोट्यातून एआयची जागा मिळते आहे, त्यासाठी दीड एकर विकायची माझी तयारी आहे. कोणतं कॉलेज घ्यावं? – एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. कॉलेजचं नाव मी सुचवणार नाही. ते ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही, आणि जमीन तर मुळीच विकू नका.

तुमच्या पत्रात मुलीच्या मनातलं एकच वाक्य आलंय : ‘ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग म्हणते.’ का म्हणते, ते कुठेच नाही. तुम्ही विचारलंत का? उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलं मी पाहिली आहेत. लाइट गेली की बाकीची पोरं ओरडतात आणि ही मुलं ‘कुठला फीडर ट्रिप झाला?’, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी कुठली लाइन बंद पडली, असं विचारतात. तुमची मुलगी त्यातली असेल, तर तिची आवड तुमच्याच नोकरीतून आली आहे. तुम्हाला मात्र ती नोकरी तिच्यापासून लांब ठेवायची आहे.

तुमचा शीण खरा आहे. भारनियमनाच्या वर्षांत वरून फोन आला की फीडर बंद करायचा आणि मग रात्रभर गावाच्या शिव्या ऐकायच्या. पावसात यार्डात जायचं, सणाला पाळी करायची. हे सगळं भोगलेल्या माणसाने ‘माझ्या लेकीला हे नको’ म्हणणं मी समजू शकते. पण आपल्या नोकरीचा शीण मुलीच्या शाखेतून काढायचा नसतो. आणि दीड एकर विकून घेतलेल्या जागेवर बसलेली मुलगी दुसऱ्या सेमिस्टरला ‘बाबा, मला यात रस नाही’ असं म्हणू शकत नाही. ती गप्प राहते, विषय राहतात, आणि मग घर म्हणतं, एवढं केलं तरी पोरीला जमेना. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. माझी खरी काळजी ती आहे, ८९ पर्सेंटाइलची नाही.

आता तुमच्या एका समजाबद्दल सविस्तर बोलते. डेटा सेंटर म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची जागा, असं तुम्ही धरून चालला आहात. आत सर्व्हर असतात हे खरं. पण त्या सर्व्हरपर्यंत काय काय असतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही : उच्चदाबाची लाइन, स्वतःचं उपकेंद्र, रोहित्रं, रिले, यूपीएसच्या बॅटऱ्यांच्या रांगा, डिझेल जनरेटर, गारव्यासाठी चिलर. ऐरोली, महापे, रबाळेच्या त्या इमारतींमधला मोठा भाग तुमच्याच कामाचा आहे. आणि आता तर जगभर प्रश्नच बदलला आहे. पूर्वी विचारायचे, याला वीज किती लागते? आता विचारतात, ग्रीड, म्हणजे विजेचं सामायिक जाळं, अडचणीत असताना हे डेटा सेंटर आपला भार किती आणि किती लवकर कमी करू शकतं?

तुम्ही हे काम आयुष्यभर केलं आहे, फक्त सक्तीने. मागणी वाढून फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरायला लागली की लोड काढायचा. तेव्हा अंधार गावाच्या वाट्याला यायचा. आता मोठ्या ग्राहकाशी आधीच करार करतात की कठीण तासांत तो आपणहून भार उतरवेल. गूगलने २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना मिशिगन पॉवर आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या दोन वीजकंपन्यांशी असे करार केले, त्यात एआयचं कामही धरलं आहे. यूपीआयचा व्यवहार किंवा दवाखान्याची नोंद थांबवता येत नाही. पण एआय मॉडेल शिकवणं, व्हिडिओवर प्रक्रिया करणं ही कामं दोन तास पुढे गेली तर कुणाचं अडत नाही. आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. डेटा सेंटरच्या यूपीएस बॅटऱ्या एरवी नुसत्या वाट बघत पडून असतात, त्या ग्रीडच्या मदतीला देण्याची योजना २०२२ मध्ये जाहीर केली. आयर्लंडला याची निकड होतीच. २०२३ मध्ये त्या देशातल्या मीटरवरच्या एकूण विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनी वापरली.

आणि हे नीट जमलं नाही तर काय होतं, तेही पाहा. १० जुलै २०२४ ला अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २३० केव्हीच्या लाइनवर लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेच्या कडकडाटापासून लाइन वाचवणारं उपकरण, निकामी झाला. लाइन पुन्हा पुन्हा चार्ज होऊन ट्रिप होत राहिली. प्रत्येक वेळी व्होल्टेज खाली गेलं, आसपासच्या सुमारे ६० डेटा सेंटरांच्या यंत्रणांनी ते झटके मोजले आणि सगळी जवळजवळ एकाच वेळी स्वतःच्या बॅकअपवर गेली. क्षणात १,५०० मेगावॉट लोड गायब. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे, यावरून अंदाज करा. नियंत्रण कक्षाला घाईघाईने निर्मिती कमी करावी लागली. हा प्रसंग मुलीला वाचून दाखवा. चूक कुठे झाली, हे तुम्ही दोघं मिळून शोधू शकाल. एआयची पदवी घेतलेल्या बहुतेक मुलांना ते शोधता येणार नाही.

आपल्याकडेही दुपारी सौरऊर्जा मुबलक असते आणि सूर्य मावळला की ओढाताण होते, हे तुम्ही पाळीवर बघताच. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी शेती सोडून इतर ग्राहकांसाठी उन्हाच्या तासांतली वीज किमान २० टक्के स्वस्त आणि जास्त मागणीच्या तासांतली महाग करायला सांगितलं. कुठलं काम दुपारी उरकायचं, संध्याकाळी बॅटरी किती वेळ चालवायची, चिलरचं पाणी आधी किती गार करून ठेवायचं, हे ठरवायला वीज कळणारी माणसं लागतील. त्यांना प्रोग्रॅमिंगही यावं लागेल. तेव्हा इलेक्ट्रिकलसोबत तिने पायथन पक्कं करावं, आणि पॉवर सिस्टिम, प्रोटेक्शन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे विषय नुसते पास होण्यापुरते वाचू नयेत.

खोटी आशा मी दाखवणार नाही. एकदा उभं राहिलेलं डेटा सेंटर फार थोड्या माणसांवर चालतं आणि तिथेही रात्रपाळी असते. एसी असेल, पण तो सर्व्हरसाठी. ग्रीडला मदत करण्याचे असे करार आपल्याकडे अजून बाळसं धरत आहेत. म्हणून तिने ‘डेटा सेंटरसाठी’ इलेक्ट्रिकल घेऊ नये, वीज आवडते म्हणून घ्यावं. मग राज्यभरच्या विजेचा ताळमेळ राखणारं कळव्याचं राज्य भार प्रेषण केंद्र, पारेषण, सौर आणि बॅटरी प्रकल्प, रेल्वे, सगळीकडे वाट असते.

प्रवेशाचं थोडक्यात : कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतून चांगल्या जुन्या कॉलेजची इलेक्ट्रिकल शाखा मिळाली तर ती घ्यावी, पुढे एमटेकसाठी गेट परीक्षा आहेच.

‘मुलीच्या जातीला लाइनीत कशाला’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या पत्रात मला ते ऐकू येतं. तसं असेल तर स्पष्ट सांगते, ती भीती तुमची आहे, तिची नाही. यार्डातले नियम, परमिट, अर्थिंग हे सगळं तिला शिकवणारा माणूस घरातच आहे. एवढं भाग्य माझ्याकडे येणाऱ्या फार थोड्या मुलींना मिळतं.

या आठवड्यात एवढंच करा. तिला विचारा, इलेक्ट्रिकलच का? ती बोलत असताना मध्ये बोलू नका. तिने मनापासून कॉम्प्युटर म्हटलं तर तेही चालेल, पण कॅपमधून, जमीन न विकता. मॅनेजमेंट कोट्याच्या माणसाला नाही म्हणून कळवा. ऑप्शन फॉर्म तिचा तिला भरू द्या. आणि काही शंका उरली, तर पुढचं पत्र तिने लिहावं. मी तिला उत्तर देईन.